दुमिंगबाबांचं कोरडं जेवण

आमच्या दुमिंगबाबांकडे वर्षातून एकदा असं जेवण व्हायचं, की ज्यात खायला काहीच नसायचं.

रोजारीचा महिना, म्हणजे ऑक्टोबर लागला, की एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही सगळे त्यांच्या गास गावातल्या घरी जमायचो. पडवीतलं लांबलचक मेज धुऊनपुसून ठेवलेलं असायचं. प्रत्येकापुढे रिकामी बशी, रिकामा पेला आणि मेजाच्या मधोमध ओळीनं रिकामी पातेली. बाबा मेजाच्या डोक्याशी उभे राहायचे, क्रुसाची खूण करायचे आणि म्हणायचे, "हां, वाढा." मग माझी आयी इजाबेल गंभीर चेहऱ्यानं रिकाम्या पातेल्यात डाव बुडवायची आणि आमच्या बशीत काहीच न वाढता पुढे सरकायची. आम्हीही घास उचलल्यासारखं करायचो. हसलेलं बाबांना खपत नसे. कोणी भराभर हात चालवला, तर ते म्हणायचे, "सावकाश. इंद्याल हाय ते, पेज नाय."

याला ते कोरडं जेवण म्हणत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या कुळाचं जेवण त्यांच्याकडे असे, त्याची ही तालीम. तिच्यातून त्यांना नाना शोध लागत. फुगे, म्हणजे आमचे ते मैद्याचे तळलेले गोळे, मेजाच्या विहिरीकडच्या टोकाला पोचेपर्यंत दरवाजाकडच्यांचं दुसऱ्यांदा घेऊन झालेलं असतं. बदकाचं पातेलं आमच्या पप्पांच्या हाताशी ठेवलं, तर ते पुढे सरकतच नाही. एकदा माझ्या एका चुलतभावानं रिकाम्या पेल्यातून पाणी पिऊन ठसका लागल्याचं सोंग केलं. बाबांनी त्याला मेजावरून उठवलं, आणि तो बिचारा तसाच अर्ध्या जेवणावरून उठला.

दुमिंगबाबा माझ्या पप्पांचे, म्हणजे पेद्रूचे, थोरले भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा पप्पा आणि कैतानकाका अगदी लहान होते. बाबांनी केळीची वाडी शिंपून दोघांना वाढवलं, शाळेत घातलं, दोघांची लग्नं लावून दिली. पप्पांना गासमध्येच घर बांधून दिलं, कैतानकाकांना राजोडीला. या सगळ्या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं तेवढं राहून गेलं. कोणी विषय काढलाच, तर ते मान हलवून म्हणायचे, "असं घाईत ठरवून चालत नाय." साठी उलटली तरी उत्तर बदललं नव्हतं.

हे त्यांचं पालुपद होतं. केळीचा घड उतरवायचा असो, पायरीचा दगड बदलायचा असो की मोडलेल्या छत्रीला काडी घालायची असो, घाईत ठरवून चालत नसे. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवसाचं जेवण म्हटलं की मग तर विचारायलाच नको. त्याला कोरड्या जेवणापासून पुढचे सगळे रविवार लागत. त्या रविवारी आयीला आणि राजोडीच्या मोनीककाकीला ओटीवर बोलावणं असे. नवरे मागे बसून अडकित्ता चालवत. मी तेव्हा नुकताच आमच्या चर्चच्या शाळेत मास्तर झालो होतो, त्यामुळे शिकलेला माणूस म्हणून माझंही मत विचारण्यात येई आणि ते ऐकून न घेता पुढे जाण्यात येई.

वादाचे विषय ठरलेले होते. इंद्यालात, म्हणजे आमच्या डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट रश्श्यात, बटाटा घालायचा की नाही, यावर आयी आणि बाबा यांचं एकमत कधी झालं नाही. आयीचं म्हणणं, बटाट्यानं रस्सा दाट होतो. बाबांचं म्हणणं, बटाटा घालायचा तर डुकराला कशाला त्रास द्यायचा. सरपोतेल, म्हणजे डुकराच्या काळीज-मांसाचं कालवण, आदल्या दिवशी शिजवावं की त्याच्या आदल्या, बदक रस्स्यात की भाजून, तांदळाच्या रोट्या हातावरच्या की पाटावरच्या, यातला एकेक प्रश्न एकेक रविवार खायचा. शेवटी 'औषधा'चा विषय निघे. दारूबंदी आल्यापासून बाबा त्या पदार्थाचं नाव घेत नसत. नुसतं खोकून दाखवत, आणि पप्पा समजुतीनं मान डोलवत.

गंमत म्हणजे ज्या गृहस्थाचं हे सगळं चाललेलं असे, त्याला साधा भात करता येत नव्हता. चुलीवर पेज ठेवायची आणि निखाऱ्यावर सुका बोंबील भाजायचा, एवढंच त्यांचं पाकशास्त्र. आणि दुसरी गंमत अशी, की एवढे रविवार खर्ची घातल्यावर नाताळच्या तोंडावर ते जो निकाल जाहीर करत, तो दर वर्षी अक्षरशः एकच असे. सरपोतेल, बटाट्याशिवाय इंद्याल, रस्स्यातलं बदक, फुगे, हातावरच्या रोट्या, शेवटी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. गेल्या वर्षी हेच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. आयी घरी येऊन कपाळावर हात मारायची. "हेच करायचं होतं तं पयल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं," असं ती पप्पांना विचारायची, जणू पप्पांना ते माहीत होतं.

पण तिचा खरा राग निराळाच होता. तो होता नाताळच्या पहिल्या दिवसाचा. बाबांनी नियमच घालून दिला होता, पहिला दिवस ज्याचा त्याचा, दुसरा माझा. पहिल्या दिवशी आमच्याकडे आयीच्या माहेरची माणसं जेवायला यायची, कैतानकाकांकडे मोनीककाकीच्या माहेरची. पप्पा दर वर्षी बाबांना पहिल्या दिवसाचंही आवतण देत, आणि बाबा दर वर्षी सांगत, "कैताननं आधी बोलावलंय. त्याला नाय कसं म्हनू?" मग नाताळच्या दिवशी सकाळी काळा कोट घालून ते राजोडीच्या रस्त्याला लागलेले दिसायचे. आयी दारातून बघायची आणि म्हणायची, "जाऊ द्या. मोनीकच्या हातचं गोड लागतं त्यांना." यावरून आयीचं मोनीककाकीशी कधी नीट जुळलं नाही. काकीही आयीशी तुसडेपणानं वागायची. तिचं कारण काय, ते मात्र कोणाला कळत नसे.

त्या वर्षी कोरड्या जेवणालाच गाडी जरा घसरली. कैतानकाका उशिरा आले आणि रिकामी बशी पुढे घेऊन बसले, पण हात उचलेनात. ते आठवडाभर मुंबईला एका कचेरीत असायचे, शनिवारी घरी यायचे, आणि उरलेला रविवार असा हवा खाण्यात जातो याचा त्यांना वीट आला होता. परत निघताना ते रस्त्यात पप्पांना म्हणाले, की आता पुरे झालं. दुसऱ्या दिवसासाठी साहेबाच्या पाया पडून रजा काढायची आणि तेच इंद्याल खायचं. यंदाचं होऊ दे, जेवण झालं की मीच सांगतो, पुढल्या वर्षापासून ज्यानं त्यानं आपल्या घरी खावं. पप्पांनाही ते तसं पटलंच होतं.

बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना त्यांनी मला रहाटापाशी थांबवलं. वाडीत पाणी सोडता सोडता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कैतान कंटाळलाय."

मी म्हटलं, तसं काही नाही.

"कंटाळलाय. बशीत हात नाय घातला त्यानं. यंदा जेवन असं झालं पायजे की त्याच्या तोंडातून 'नाय' निघू नये. बदक त्याच्या पुढ्यात ठेवू. तुझ्या बापाला आवर."

त्या वर्षी मग बाबांनी नुसता धुमाकूळ घातला. डुकराला सकाळसंध्याकाळ केळी चारली. बदकं निवडायला स्वतः निर्मळच्या बाजाराला गेले. रेशनची साखर आयीकडून आणि काकीकडून महिनाभर आधीच गोळा केली, त्यामुळे आम्ही डिसेंबरभर गुळाचा चहा प्यालो. एक रविवार जास्तीचा घेऊन त्यांनी दुसरं कोरडं जेवण घातलं, आणि त्याला कैतानकाका आलेच नाहीत. त्यांच्या जागेवरच्या रिकाम्या बशीत बाबांनी बदक वाढायला लावलं आणि ते बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिले. मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

नाताळच्या आधीचा रविवार. चर्च गच्च भरलेलं. आमचं सगळं कुळ दोन बाकांवर, बाबा पहिल्या बाकाच्या कडेला. पाद्रीबाबांनी गुरुवारच्या नाताळच्या मिस्सांच्या वेळा सांगितल्या, गोठ्याच्या देखाव्यासाठी पेंढा आणून देणाऱ्यांचे आभार मानले, आणि मग चष्मा काढता काढता म्हणाले, "नाताळ झाल्यावर शुक्रवार येतो, हे विसरू नये. शुक्रवारचा नेम नेहमीसारखाच पाळायचा आहे. मांस वर्ज्य."

आमचे दोन्ही बाक एकदम गार पडले. मग एकेक मान वळत वळत बाबांकडे गेली.

त्याचं असं होतं, की आमच्या घरात त्या जेवणाचा दिवस कधी वारानं कोणी बोललंच नाही. तो नाताळचा दुसरा दिवस, बस्स. नाताळ गुरुवारी आला की दुसरा दिवस शुक्रवार असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण आमच्या शहाण्यांच्या पंचायतीत ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मागे असा योग आला होता तेव्हा बाबा हिवतापानं अंथरुणाला खिळलेले होते आणि जेवण झालंच नव्हतं. आणि आता बटाटा, रोट्या, साखर, खोकला, सगळ्याचा खल झाला होता. शुक्रवारी आम्हांला मांस चालत नाही, एवढंच राहून गेलं होतं. मीही वर्गात मुलांना रोज फळ्यावर वार लिहायला लावत होतो.

दुपारी ओटीवर तातडीची बैठक बसली. पप्पा म्हणाले, पाद्रीबाबांना विचारू, ते एका दिवसाची मोकळीक देतील. बाबा म्हणाले, देतील, आणि मग गाव जन्मभर म्हणेल की दुमिंगच्या घरचं इंद्याल परवानगीचं. आयी म्हणाली, शनिवारी करू. शनिवारी कैतानकाकांना कचेरी होती, आणि रविवारपर्यंत थांबलं तर तो चौथा दिवस, ते बाबांना मान्य नव्हतं. काकी म्हणाली, मग मासे करा. यावर बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना पेज वाढली होती.

पण दुसरा मार्ग नव्हता. मासे म्हटल्यावर पप्पांनी नवीनच अडचण काढली. पाचूबंदरचे कोळी आपलेच, ख्रिस्ती. नाताळात त्यांच्या होड्या वाळूत ओढलेल्या. शुक्रवारी ताजं म्हावरं आणायचं कुठून? बाबांनी डोकं धरलं. मांस देवानं बंद केलं होतं आणि मासे देवाच्या माणसांनी. मग मीच म्हटलं, अर्नाळ्याला हिंदू कोळ्यांच्या होड्या जातात, तिथं बघतो. माझं मत बाबांनी ऐकून घेतल्याचा तो पहिला प्रसंग.

"काय करायचं, कसं करायचं," बाबा पुटपुटत होते. "असं घाईत..." आणि तिथंच थांबले. चार दिवस उरले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना घाईत ठरवावं लागणार होतं, आणि कैतानकाका खांबाला टेकून ते सगळं बघत होते.

डुकराला मात्र जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत जीवदान मिळालं.

नाताळच्या दिवशी सकाळची मिस्सा झाली तसा मी सायकल काढून अर्नाळ्याला गेलो. तिथल्या धाकलीबायशी आमच्या घराची जुनी ओळख होती. ती दर आठवड्याला टोपली घेऊन गासला यायची. मी तिला नाताळात होडी जाईल ना, असं जरा भीतभीतच विचारलं. ती जाळं सांधत बसली होती. "तुमचा देव जल्मला तं आमचा दर्या कनाला बंद व्हल?" ती म्हणाली. होडी रात्रीच गेली होती, शुक्रवारी पहाटे लागणार होती. रावस, पापलेट, कोळंबी, जे चांगलं येईल ते पहिलं आमचं, असं तिनं कबूल केलं. वर दुमिंगदादाला सांग, काळजी करू नको, असंही म्हणाली. बाबांच्या जेवणाची काळजी अर्नाळ्यापर्यंत पोचली होती तर.

येताना वाटेत राजोडी. बाबा काकांकडे जेवायला असणार, त्यांना तिथंच निरोप देऊ, म्हणून मी सायकल काकांच्या अंगणात घातली. घर काकीच्या माहेरच्या माणसांनी भरलं होतं. काकी हात पुसत बाहेर आली आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "काय रे, भावजींचं जेवन झालं काय? आज लवकर बसवलंत त्यांना?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "बाबा इथं नाहीत?"

"इथं कशाला येतील? दर वर्षी यांना सांगतात, पेद्रूनं आधी बोलावलंय. इजाबेलच्या हातचं गोड लागतं त्यांना."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. आतून काकीच्या भावांचं हसणं ऐकू येत होतं. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि आत निघून गेली. मी सायकल वळवली.

बाबांच्या घराचा पुढचा दरवाजा बंद होता. मी मागून, वाडीतून गेलो. त्या पायवाटेच्या चिखलात बुटांचे ठसे होते. राजोडीच्या रस्त्यानं निघून, शेतांतून वळसा घेऊन ते परत याच वाटेनं घरी येत असणार, आणि किती वर्षं तेच जाणोत.

पडवीत मेज मांडलेलं होतं, दुसऱ्या दिवसासाठी. सगळ्या बश्या, सगळे पेले, ज्याच्या त्याच्या जागेवर. काळा कोट खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेला. आणि डोक्याशी नव्हे, तर मेजाच्या कोपऱ्यावर, विहिरीकडच्या टोकाला, बाबा पेज पीत बसले होते. शेजारी केळीच्या पानावर भाजलेला बोंबील. मला बघून ते दचकले, पण लगेच सावरले.

"फुगे इथवर पोचतात काय ते बघत होतो," ते म्हणाले.

मी अर्नाळ्याचा निरोप सांगितला. राजोडीला जाऊन आल्याचंही सांगितलं. ते काही वेळ पेजेतला चमचा फिरवत राहिले. मी विचारलं, की बाबा, तुमची दोन घरं असताना तुम्ही सणाच्या दिवशी असं का करता.

"मी आलो तर मला कुठं बसवाल?"

"डोक्याशी. दुसरीकडे कुठं?"

"तेच. मी थोरला. मी आलो की डोक्याची खुर्ची मला. आनि तुझा आजा, तुझ्या आयीचा बाप, तो सरकून बाकावर. एकदा झालं तसं. म्हातारा काय बोलला नाय, पन तुझ्या आयीनं खाली मान घातली ती जेवन होईस्तो वर नाय केली." त्यांनी बोंबलाचा काटा काढून पानावर ठेवला. "पोरीचं घर हाय. वरसातनं एक दिवस तरी बापानं डोक्याशी बसावं. कैतानकडं पन तेच. म्हनून म्हटलं, पयला दिवस ज्याचा त्याचा."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

"आयीला सांगू नको," ते म्हणाले. "ती रडत बसंल, आनि उद्याचे मासे कोन साफ करनार?"

मग त्यांनी उठून माझ्या जागेवरची, उद्यासाठी मांडलेली बशी पुढे ओढली आणि तिच्यात पेज ओतली. इतकी वर्षं मी त्या मेजावर बाबांच्या हुकमानं हवा खाल्ली होती. त्यांनी मला स्वतःच्या हातानं खरंखुरं वाढलेलं हे पहिलंच. मला भूक लागली होती, मी भराभर प्यायला लागलो.

"सावकाश," बाबा म्हणाले. "गरम हाय."

मी शब्द पाळला. आयीला काही सांगितलं नाही. पण काकीनं कुठे शब्द दिला होता? शुक्रवारी सकाळी मी अर्नाळ्याहून रावस आणि कोळंबी घेऊन आलो, तर काकी आमच्याही आधी बाबांच्या घरी पोचलेली होती. आयी आणि ती विहिरीपाशी पाट मांडून समोरासमोर बसल्या. आयी खवले काढत होती, काकी कोळंबी सोलत होती, आणि दोघी अगदी हळू आवाजात बोलत होत्या. "त्या वरशी माझा बाप बाकावर बसला होता," एवढंच आयीचं मला ऐकू आलं. त्या दोघींना इतका वेळ भांडणाशिवाय एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. एकदा आयीनं कोपरानं डोळे पुसले. बाबा ओटीवरून ओरडले, काय झालं. आयी म्हणाली, रावसाचं खवलं उडालं.

जेवण झालं. रावसाच्या तुकड्या तळलेल्या, कोळंबीचं लालभडक कालवण, फुगे, रोट्या, सुकेळी, आणि दोनतीनदा सगळ्यांना एकदम आलेला खोकला. मागच्या बाजूला डुक्कर मजेत घुरघुरत होतं. बाबा एक घास खात नव्हते. ते कैतानकाकांची बशी बघत होते. काकांनी कालवण दोनदा घेतलं, रावस तीनदा. बाबांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पण सुकेळी खाऊन झाल्यावर काकांनी पेला खाली ठेवला, खुर्ची मागे सारली, उभं राहून घसा साफ केला आणि म्हणाले, "दादा, एक सांगायचं होतं. पुढल्या वर्षापासून..."

बाबांनी दोन्ही हात मेजावर ठेवले. मी पप्पांकडे बघितलं, पप्पांनी बशीकडे बघितलं.

"पुढल्या वर्षाचं मला सांगायचंय," आयी मध्येच म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच चढा होता, बटाट्याच्या वेळचा. "तुमी बसा, कैतानभावजी. यंदाचं हे काय मला पटलं नाय. इंद्याल नाय, बदक नाय. असं जेवन असतं काय? पुढल्या वर्षी शनवारी येतोय दुसरा दिवस, मी मोजून बघितलाय. आनि नुसता दुसरा दिवस मला पुरत नाय. पयला पन इथंच करायचा. तो शुक्रवारी आला तरी नाताळला नेम नसतो. मी माझ्या बापाला इथं आनते, मोनीक तिच्या बापाला आनते."

"इथं?" बाबा म्हणाले. "आनि ते बसतील कुठं?"

"मेजाला दोन टोकं हायेत," काकी म्हणाली. "माझा बाप एका टोकाला, इजाबेलचा दुसऱ्या."

"आनि तुमी," आयी म्हणाली, "मधी बसायचं. पातेल्यांपाशी. कोनाला काय पोचतं, काय नाय, ते तिथनं बरं दिसतं."

कैतानकाका अजून उभेच होते. त्यांनी काकीकडे पाहिलं, आणि तिनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आमच्या कुळातले सगळे नवरे ओळखतात. काका बसले. मला त्या क्षणी आयीचा इतका अभिमान वाटला, की मी उठून तिच्या हातातला डाव घेतला, उगीचच.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून. मग ते स्वतःच्या बशीतल्या न खाल्लेल्या रावसाकडे बघू लागले. डोळे पुसायला त्यांनाही खवल्याची सोय हवी होती, पण मासे तर कधीच शिजून गेले होते. शेवटी त्यांनी नाक शिंकरलं, बशी बाजूला सारली आणि दोन्ही भावजयांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"असं घाईत ठरवून चालनार नाय," ते म्हणाले. "आयतवारी या. दोघी."

"ह्या आयतवारी?" पप्पांनी दचकून विचारलं. परवाच रविवार होता, आणि पुढला नाताळ अख्खं वर्ष लांब होता.

"मंग कधी?" आयी म्हणाली. "त्या बटाट्याचंच अजून ठरलं नाय."

घरी येताना मी आयीला विचारलं, की खरंच बटाटा घालायला लावणार का. ती डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे चालत होती. म्हणाली, "मला आवडत नाय इंद्यालात बटाटा. कधीच आवडत नव्हता."